बापूनं हमी काढून घेतली

लिहून घ्या भाऊ, पन मधीच पेन ठेवू नका. माझा राग मधी थांबला की मला परत पयल्यापासनं सांगावं लागतं.

माझं माहेर जुन्नरचं, पेठेतलं. बाप हमाल, आई भाजलेल्या शेंगांची पाटी घिऊन येस्टी स्टँडवर बसायची, आन तिच्या शेंगा कुनी फुकट चाखल्या तर पार गाडी सुटेस्तवर त्याचा उद्धार करायची, तर ती जीभ माझ्याकडं आली. सोळाव्या वर्षी मला इकडं आंबेगाव तालुक्यात दिली, घोडेगावापासनं दोन कोसावर. मालक चांगले व्हते, गरीब सभावाचे. पोटी मूल न्हाई झालं. पंचवीस वर्षं झाली मालकांना जाऊन. त्यांच्या आधीपासनं तहसील कचेरीसमोर माझी च्याची टपरी हाये, च्या आन भजी, शिपायापासनं सायबापतुर समद्यांनी माझा च्या प्यालेला हाये, त्यामुळं मला लिहिता येत नसलं तरी कंच्या कामाला कंचा कागद लागतो ते मला इचारा.

आता बापू. बापू म्हंजे माझा धाकला दीर. मी लगीन होऊन आले तवा हे आठ वर्षाचं शेंबडं पोर, आई न्हाई, म्या त्याला न्हाऊ घातलं, म्या त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, म्हनून मी त्याला भाऊजी-बिऊजी काय म्हनत न्हाई, बापू आन आरं-तुरं. पुढं तो ग्रामपंचायतीत मेंबर झाला, पांढरी कापडं घालाय लागला, खिशाला दोन पेनं. काय सांगू तुमाला, ज्याला सही करायला पाच मिन्टं लागतात त्याला दोन पेनं कशाला?

चार वर्षांमागं एक दिस कचेरीचा शिपाई एका बाईला घिऊन टपरीवर आला, म्हनला मावशी हिला च्या द्या आन ही काय म्हनती ते बघा, गाव तुमचंच सांगती. तिशी-पस्तिशीची बाई, संगं अकरा वर्षाची पोरगी राधा, पायात धड चपला न्हाईत. बोलती मराठी, पन मधीच भलताच शब्द टाकती. मी म्हनलं कुठली गं तू, तर म्हनली कराचीची. माझ्या हातातला झारा तसाच ऱ्हायला, भजी करपली.

तर झालं व्हतं आसं की माझ्या सासऱ्याचा सख्खा भाऊ, लई वर्षांमागं, देश एक व्हता तवा, तिकडं बंदरावर कामाला गेला. मंग देश तुटला, तो तिकडंच ऱ्हायला. त्याच्या लेकाची ही लेक, सविता. तीन पिढ्या तिकडं, तरी घरात मराठी, गनपती बसवायचे, आन म्हाताऱ्यानं लेकाकडनं, लेकानं हिच्याकडनं गावाचं नाव पाठ करून घेतलेलं. हिचा नवरा शिंपी. त्याचं दुकान जाळलं, त्या धसक्यानं तो गेला, पोरगी मोठी व्हाय लागली आन दारात नको ती मानसं येऊन बसाय लागली, तवा ही देवदर्शनाचा व्हिसा काढून आली. भीमाशंकराला जायचं म्हनून लिहिलं व्हतं. गेली पन भीमाशंकराला, खोटं न्हाई केलं तिनं, डोकं टेकलं, मंग आमचं गाव इचारत आली. काकी म्हनली मला. मला उभ्या जन्मात कुनी काकी म्हनलं नव्हतं.

बापूला तर तवा उधानच आलं. मेंबर मानूस, त्यानं मारुतीच्या देवळासमोर येवढा मोठा फ्लेक्स लावला, वर सोताचा फोटू हात जोडलेला, खाली ल्हान सविताचा आन राधाचा, आन लिहिलं, आमच्या रक्ताची लेक पाकिस्तानातून माहेरी परतली, हार्दिक स्वागत. पेढे वाटले. तिला इथं ऱ्हायचं तर लांब मुदतीचा व्हिसा लागतो, त्याला इथल्या मानसाची हमी लागते. मी म्हनलं मी देते. तर म्हनला वहिनी, घरात आता मोठा बाप्या मी, मान माझा. घे बाबा मान.

टपरीच्या शेजारी मुनीरभाई बसतात टायपिंगचं मशीन घिऊन, जुन्नरचेच, माझ्या माहेरचे. त्यांनी समदा फॉर्म भरला. आन तवा कळलं काय काय असतं ते. पोलिसात नोंद, पत्ता बदलला की नोंद, गाव सोडून जायचं तर इचारून. ऱ्हायला माझ्याकडं, तिचं सीमकार्ड माझ्या नावावर. राधाच्या शाळेत हेडमास्तर म्हनले पोरीला बसू द्या, नावाचं बघू. आन नागरिकत्व? त्याची एक तारीख हाये म्हनं, तिच्या आधी जे आले त्यांना लवकर, नंतर आले त्यांनी बारा वर्षं थांबायचं. मी मुनीरभाईंना म्हनलं, आग लागली तेव्हा तारीख इचारून लागती का? ते म्हनले, वहिनी, हे मी टाइप करू का? आम्ही कुठंबी कागदावर जादाच असतो काकी, सविता म्हनली. तिकडं म्हनायचे तुमी तिकडचे, इकडं म्हनतात तुमी तिकडचे.

आता तिची चूक झाली ती ऐका. तिच्या बापानं मरताना सांगितलेलं, गावाला गेलीस तर आपल्या शेताच्या पाया पड. तर ही येडी एक दिस बापूला इचारती, काका, आमच्या आजोबांचं शेत कुठलं? आमचं! आजोबांचं! आवो, आमच्या भाऊकीत आसा प्रश्न इचारत न्हाईत, आसा प्रश्न इचारला की कोयते निघतात. आन इचारून थांबली न्हाई, कालव्याखालच्या रानात गेली, बांधावर डोकं टेकलं, मूठभर माती उचलून पदरात बांधली. तुळशीत टाकायला. लांबनं कुनीतरी पाह्यलं, बापूला सांगितलं, सविता बांधावर माती उचलून शपथ घेत व्हती. झालं. त्या दिसापासनं पेढे बंद, बोलनं बंद. हिस्सा मागनार, कागद झाला की कोर्टात जानार, हेच त्याच्या डोक्यात. मी म्हनलं बापू, आरं तिला सोताच्या नावाचं सीमकार्ड मिळंना आन ती तुझी जमीन कुठनं घेती? तर म्हनला, वहिनी, तुमाला पोरबाळ न्हाई, तुमाला न्हाई कळायचं.

हे मी गिळलं. पन इसरले न्हाई.

मागल्या वर्षी वरनं हुकूम सुटला, तिकडच्या लोकांनी परत जायचं. टीव्हीवर दिसभर तेच. ज्यांच्याकडं लांब मुदतीचा व्हिसा त्यांना मुभा व्हती, पन सविताची मुदत नेमकी संपली व्हती आन नव्यानं करायला अर्ज टाकलेला, आजून लटकलेला. ती घाबरून जेवंना. राधा इचारती, आजी, आमाला कुठल्या गाडीनं न्हेतील? आन त्याच आठवड्यात मुनीरभाई माझ्याकडं आले, च्या मागितला, प्याले न्हाईत. म्हनले वहिनी, माझं नाव घेऊ नका, दिवस कसे हायेत तुमाला ठाव हाये, पन सकाळी बापूसायेबांनी माझ्याकडनं एक कागद टाइप करून घेतला. मी हमी मागं घेतो. सदर महिला माझ्या नात्यातली न्हाई, मी तिला ओळखत न्हाई. ओळखत न्हाई! मी म्हनलं, तुमी टाइप केलंच कसं? म्हनले, पोटासाठी केलं, पन एक झेरॉक्स जादा काढली. आन टेबलावर ठेवून गेले.

भाऊ, मी लई भांडनं केलीत, पन त्या दिवशी मी ओरडले न्हाई. मी टपरीच्या मागं गेले. बापूचा तो फ्लेक्स पावसाळ्यात खाली पडला व्हता, तो म्या आनून टपरीच्या पाठीमागं वाऱ्याला आड लावला व्हता. सोडला, फडक्यानं पुसला, भज्याच्या तेलानं हात जोडलेला बापू जरा काळा पडला व्हता, पन अक्षर न अक्षर वाचता येत व्हतं. घडी घातली, माझ्या रानाचा सातबारा घेतला, सविताला घेतलं, आन पयल्या येस्टीनं पुन्याला गेलो.

पुन्याच्या पोलीस हापिसात परदेशी लोकांचं टेबल असतं. तिथं बापूचा कागद आमच्या आधी पोचलेला. सायेब म्हनले, बाई, हमीदारच ओळखत न्हाई म्हनतो, आमी काय करनार? मी म्हनलं, सायेब, जरा खुर्च्या मागं घ्या. आन तिथंच फरशीवर फ्लेक्स आंथरला. समदं हापीस उठून बघाय लागलं. म्हनलं, हा ओळखत न्हाई म्हननारा, हा त्याचा फोटू, आन हे रक्त कुनाच्या अंगातलं ते त्यानंच छापलंय. सायेब फ्लेक्सकडं बघतात, कागदाकडं बघतात. एक पोरगी कानस्टेबल तोंडाला रुमाल लावून हसली. मंग सायबांनी इचारलं, दुसरी हमी कोन देतं? मी अंगठा पुढं केला. म्हनले, आजी, हिनं काय केलं तर जबाबदारी तुमची. म्हनलं, घरात समद्यात आधी उठती आन समद्यात मागं जेवती, आजून काय करनार ती?

मुदत वाढली. सविता ऱ्हायली. पन मोकळी झाली म्हनू नका, खुट्ट्याची दोरी जरा लांब केली येवढंच. चार म्हैन्यांनी तिकडं तिची आई आजारी पडली. गेली असती तर परत येता येत नव्हतं, समदी वर्षं पुन्यांदा पयल्यापासनं. फोनवर आईचं तोंड बघितलं, फोनवरच आई गेली. हे कुनाच्या पापाच्या वहीत लिहायचं सांगा. मी तिला छातीशी धरलं, पन मी काय तिची आई न्हाई.

दहावं आमी हितं घोड नदीच्या घाटावर घातलं. आमच्या भागात दहाव्याला माइक असतोच, पुढारी येतात, श्रद्धांजली वाहतात, मेलेल्याला न ओळखनारा लई बोलतो. पंचायतीची निवडनूक तोंडावर, तर बापू आला पांढऱ्या टोपीत, माइक घेतला आन सुरू झाला, आमच्या वहिनी परमुलखात गेल्या, आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर. सविता खाली मान घालून बसलेली. मी उठले, त्याच्या हातनं माइक घेतला, राधाला म्हनलं वाच. झेरॉक्स माझ्या कमरेला व्हती. पोरीचं मराठी वाचन लई शुद्ध, मास्तरनी कौतुक करतात. सदर महिला माझ्या नात्यातली न्हाई, मी तिला ओळखत न्हाई, खाली सही. घाटावर सगळी भाऊकी, सगळं गाव. मी म्हनलं, बापू, ओळखत न्हाईस तर कुनाच्या दहाव्याला आलास? ऊठ. आन माझ्या हातची उसळ-भाकर तुला न्हाई, ल्हानपनापासनं खाल्लीस ती बास झाली. उठला. चपला सापडंनात त्याला, येवढा गडबडला. निवडनुकीत पडला ते वेगळंच.

लोक म्हनतात मावशी, झालं की, फिटलं. न्हाई फिटलं. मी वकिलाकडं गेले. कालव्याखालचं मालकांच्या हिश्शाचं रान माझ्या नावावर हाये, आन मी मेले की ते बापूकडं जानार, निपुत्रिक ना मी. म्हनलं हे सविताला लिहून द्या. वकील म्हनले, आजी, ती आजून परदेशी, तिच्या नावावर शेतजमीन होत न्हाई, आता लिहून दिलं तर लटकून पडंल. नागरिकत्व मिळू द्या, मंग करू. किती वर्षं? म्हनले, आजून आठ तरी. तवर देवस्थानाला द्या पायजे तर. मी म्हनलं, भीमाशंकराला काय कमी हाये?

सविता भांडती माझ्याशी. काकी, मला रान नको, त्या रानापायीच समदं झालं, मला कुठंतरी माझं नाव लिहिलेलं पायजे बास. बरोबर हाये तिचं. पन तिनं एक गुंठा मागितला नव्हता तवा बापूनं तिला सीमेपार ढकलायला काढली, आता समदं तिच्याच पदरात पडलेलं त्यानं बघितलं पायजे. मी काय साधूसंत न्हाई.

आता माझं वय सासष्ट, साखर हाये, डाव्या डोळ्याला कमी दिसतं. आठ वर्षं. बापूला पन हिशोब कळतो, परवा मला चक्कर आली तर दवाखान्यात माझ्या आधी हा हजर, डागदरला बाजूला घिऊन इचारतो, कितपत हाये. मी खाटेवरनं म्हनलं, लई हाये, जा घरी. त्या दिसापासनं च्यात साखर बंद, रोज सकाळी नदीपतुर चालून येते, कारल्याचा रस पिते, जन्मात कारलं तोंडाला लावलं नव्हतं. सविता सुई टोचती पोटाला, मी हूं का चूं करत न्हाई.

देवाला रोज सांगते, बाबा, मला सुख नको, मोक्ष नको. दिल्लीत कुठंतरी तिचा कागद निघंल, त्यावर शिक्का बसंल, त्या दिवशी मला घिऊन जा. मंग आठवतं, शिक्का बसला तरी बक्षीसपत्र करायला चार दिस लागतील. मंग तलाठ्याकडं नोंद, नोटीस, हरकतीची मुदत, पंधरा दिस ते. आन नोंद झाली की सातबारा घिऊन बापूच्या दारात जायचंय मला, त्याचा एक दिस. तेवढे धरून न्ये म्हनावं.