भाच्याची तिसरी मागणी

पुन्हा तेच. मगाशी सांगितलं, त्याच्या आधी सांगितलं, आणि गुंगीतनं जरा डोळा उघडलास की परत — काब्देशकाका, मला इथं का आणलंत? माझं तोंड म्हणजे काय नळ आहे, सोडला की वाहायला? पडून राहा, सेरझान. उठू नकोस, मागनं उघडा आहेस तू. सांगतो, पण हे शेवटचं.

तर दवाखान्यातल्या या खाटेवर आधी मी होतो, गेल्या हिवाळ्यात. मागनं नळी घातली — तुला आता नव्यानं सांगायला नको कशी — आणि मोठ्या आतड्यात गाठीच गाठी. ही डॉक्टरीणबाई, अल्तिनाय, म्हणाली, आजोबा, हा कॅन्सर नाही, पण ठेवला तर होईल. मी म्हटलं, पोरी, मी शाळेत थंडीपुरता जायचो, शेगडी होती म्हणून. नीट सांग. मग काय, मीच तिला सांगितलं. खायला काझी करताना घोड्याचं आतडं उलटं करून धुतो की नाही आपण, त्यात मांस भरायच्या आधी? आतनं कसं गुळगुळीत असतं? तिथं बर्चच्या खोडावर अळंबी फुटावी तसं झालंय म्हण. काही देठावर, काही बसकी. हसली. म्हणाली, अगदी तसंच, आणि कापून काचेखाली धरलं की आतल्या पेशी दाटीवाटीनं, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या दिसतात. म्हणजे मेंढ्या बिथरल्यात, पण अजून कुंपणाच्या आत आहेत — हेही मीच म्हटलं. कुंपण मोडून बाहेर पडल्या की तो कॅन्सर. त्याला वर्षं लागतात. तेवढ्यात कापलं की मिटलं.

पण माझ्या गाठी मोजता मोजता तिची बोटं संपली. म्हणाली, एवढ्या असल्या की रक्तातनं आलेल्या असतात, घरात कोणाला होतं का? मी छाती काढून बसलो. कझाखाला वाडवडील विचारतेस? सात पिढ्यांचे बाप म्हणून दाखवले, सातव्यापासून खाली आणि खालून वर, कोण कुठं मेला, कुठं पुरला. सगळे ऐंशीच्या पुढचे, सगळे दात शाबूत ठेवून गेलेले. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, पुरुष छान आहेत. आया?

काय सांगू तुला — माझ्या करड्या घोडीची आई, तिची आई, तिच्याही आईच्या कपाळावरचा ठिपका मला ठाऊक. शिंगरू घेताना आपण आधी घोडीचंच विचारतो ना? आणि माझ्या आईच्या आईचं नाव जिभेवर येईना. अर्धं रक्त तिकडचं, आणि तिकडं सगळा अंधार. आई माझी ऐन चाळिशीत वाळून गेली. नजर लागली म्हणाले. आणि तिचा भाऊ, म्हणजे तुझा आजा — हो, तोच, शर्यतीत घोड्यावरनं पडून मेला म्हणून तुमच्या भिंतीवर ज्याचा लगाम टांगलाय. मी होतो तिथं, लहान होतो पण डोळे होते. पडायच्या आधीच त्या लगामासारखा वाळला होता तो. खोगिराला रक्त होतं, पडायच्या आधी. कोणी बोललं नाही. घोड्यावरनं पडलेला पुरुष शोभतो, हगवणीनं गेलेला शोभत नाही.

मग माझं रक्त तपासलं. त्यात एक बारीकसा सांधा मोडलेला निघाला. आईकडनं आला, पोरांत निम्म्यांना उतरतो, निम्म्यांना नाही. माझ्या पोरीला, रायखानला नाही उतरला, सुटली ती. पण आईचा भाऊही तसाच गेलेला, म्हणून तुमच्याकडं आलो. वेळ चुकली माझी, मान्य — तुझ्या पोरीचं पाळण्याचं जेवण होतं, चारचौघं बसलेले, आणि मी काझी चावता चावता आतड्याचंच काढलं. पण तुझ्या बापानं काय करावं? माझ्यापुढची ताटली उचलली. पाहुण्यापुढचं मांस, सेरझान. म्हणाला, "आत्याच्या हाडांना आणि माझ्या बापाच्या घोड्याला बट्टा लावायला आलास, खोटारड्या."

तेव्हा मी उठलो आणि म्हटलं, भाच्यानं मामाच्या घरनं तीनदा हवं ते न्यावं आणि मामाकडच्यांनी नाही म्हणू नये, हे खरं की खोटं? पहिल्यांदा मी शिंगरू नेलं, तेव्हा तुझ्या आजीनं शिव्या घातल्या पण सोडलं. दुसऱ्यांदा शिकारी कुत्रा नेला — तुझा बाप अजून त्या कुत्र्यासाठी रडतो. तिसरी मागणी म्हातारपणाला राखून ठेवली होती, तुमच्या त्या पांढऱ्या घोड्यावर नजर होती माझी. मागितलं काय? तुला. एका दिवसापुरता. सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, भाच्याचा हक्क आहे, द्यायलाच पाहिजे. घोडा गेला माझा तुझ्या आतड्यापायी. आणि वर ते जुलाबाचं पाणी पाजताना माझ्या नव्या गाडीत जे केलंस ते मी काढतच नाही.

डॉक्टरीणबाई येऊन गेली मगाशी, तू घोरत होतास. गाठी होत्या. थोड्याच होत्या, देठासकट काढल्या, म्हणाली वेळेत आणलंत, बाकी काचेखाली बघून सांगेल. तुझ्या पोरीची तपासणी ती मोठी झाल्यावर, आत्ता नाही, घाबरू नकोस.

काय बघतोस असा? मला आनंद झालाय वाटतं तुला? काल गाडी चालवताना रस्ताभर मी ठरवत होतो, आत काही निघालं नाही तर तुमच्या दारात टोपी काढून उभा राहायचं आणि चारचौघांत माफी मागायची. सगळं पाठ केलं होतं. मागायला आवडलं असतं रे मला — खोटारडा ठरलो असतो तर.

डोळे पुसतोय म्हणून बघू नकोस माझ्याकडं, तो औषधाचा वास आहे. झोप आता. बाहेर कोणीतरी सकाळपासून गाडीत बसून आहे, आत यायला पाय उचलत नाही. बाईनं सांगितलंय, बापालाही हीच नळी आणि हेच पाणी, चुकायचं नाही. ते मी खिडकीतनं ओरडून सांगितलं. काच वर केली त्यानं. करू दे. माफी पाणी पिण्याआधी मागायची की प्यायल्यावर ते तो ठरवेल, पण माझी माफी मागितल्याशिवाय ती ताटली परत माझ्यापुढं ठेवायची नाही, असं त्याला माझं नाव घेऊन सांग — तुझ्या बापाला, मुकातायला.