पोथीचे बासन आणि एकसष्ट स्त्रियांची वही

जबाब
दिनांक ६ डिसेंबर २०२५, सकाळी ११.२०

नाव: परशुराम दिनकर आठल्ये. वय: ७४ वर्षे. व्यवसाय: निवृत्त संस्कृत शिक्षक, प्रवचनकार. राहणार: मानपाडा रस्ता, डोंबिवली (पूर्व).

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, हवालदार सुदेश यांनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी लक्ष्मी, वय ६९, हिच्यासह बेचाळीस वर्षे राहत आहे. आम्हांस अपत्य नाही. दर गुरुवारी देवळात माझे प्रवचन असते. लक्ष्मी सन १९८५ ते १९९४ या काळात औद्योगिक वसाहतीतील एका कापड कारखान्यात नोकरीस होती. तो कारखाना आता बंद आहे. तेथे ती नेमके कोणते काम करीत असे, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

जी रसायने एकदा तयार झाली की निसर्गात विरत नाहीत, ती माणसांच्या रक्तात, खाडीतील माशांत आणि घरातील वस्तूंत किती उतरली आहेत, याचा अभ्यास श्रीमती आसावरी सबनीस, वय अंदाजे ३०, या करतात. न चिकटणारे तवे, पावसाळी कोट, डाग न धरणारे कापड यांत ही रसायने वापरतात, असे त्यांनी सांगितले. सदर कारखान्यात काम केलेल्या एकसष्ट स्त्रिया त्यांनी शोधल्या. त्यांत लक्ष्मी होती.

दिनांक ११ नोव्हेंबरपासून दर मंगळवारी दुपारी तीन वाजता सबनीसबाई आमच्या घरी येत. बोलताना घरातील दुसरे कोणी जवळ नसावे, असा त्यांच्या अभ्यासाचा नियम आहे. त्यामुळे मी बाहेरच्या खोलीत बसत असे. मधले दार लोटलेले असे. नमुने घेण्याच्या दिवशी त्या अनेकदा धुतलेले सुती कपडेच घालत, अंगाला तेल वा अत्तर लावत नसत आणि वहीसुद्धा साध्या कागदाची वापरत. आपल्या अंगावरचे काही नमुन्यात मिसळू नये म्हणून. लक्ष्मी मला म्हणाली, "बघा, तुमच्यापेक्षा हिचं सोवळं कडक आहे."

पहिल्या दिवशी बैठक दोन तास दहा मिनिटे चालली, दुसऱ्या मंगळवारी पावणेतीन तास. लग्नापूर्वीच्या विहिरीपासून आजच्या नळापर्यंत लक्ष्मीने कोठले पाणी प्यायले, कशात स्वयंपाक केला, कारखान्याचे कपडे कसे धुतले, हे सर्व त्या विचारत आणि लक्ष्मी सांगत असे. माझ्याशी ती दिवसभरात बोलते त्यातील बहुतेक बोलणे गोळ्यांच्या वेळा व दूध यांविषयी असते.

दिनांक २५ नोव्हेंबर रोजी रक्ततपासणीचा अहवाल आला. एकसष्ट जणींत लक्ष्मीच्या रक्तात हे द्रव्य सर्वाधिक होते. आतून तिचा आवाज आला, "अगं, आयुष्यात कधी पहिला नंबर आला नव्हता." दोघीही हसल्या. त्यानंतर ती म्हणाली, "आमचं काम काय, तर कापडावर पाणी टाकायचं आणि थेंब घरंगळतो का बघायचं. दिवसाला चारशे तुकडे. आणि गुरुवारी हे कमळाच्या पानावरचा थेंब सांगायचे. मी मागे बसून पदर तोंडाला लावायची." तो दृष्टांत मी चाळीस वर्षे सांगत आलो आहे. श्रोत्यांत ती पदर तोंडाला लावून बसे, ते मला दिसत असे. मी ते भक्तीचे लक्षण समजत होतो.

दिनांक २ डिसेंबर रोजी निघताना सबनीसबाई वही आमच्या दिवाणावर विसरल्या. लक्ष्मी त्यांना रिक्षापर्यंत सोडण्यास गेली असता मी वही उघडली. लक्ष्मीची चौदा पाने होती. नवव्या पानावर लिहिले होते की तिला दोनदा दिवस गेले व दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही. दुसऱ्यांदा सन १९८८ मध्ये, कारखान्याच्या आजारी-खोलीत. समासात सबनीसबाईंनी लिहिले होते, 'कारण निश्चित सांगता येत नाही.' एक वेळ मला माहीत होती. सन १९८८ च्या चातुर्मासात मी राजापूर येथे प्रवचनांस गेलो होतो.

मी वही पोथ्यांच्या फडताळात ठेवली. सायंकाळी सबनीसबाईंचा फोन आला. लक्ष्मीने मला विचारले, "वही दिसली का हो?" मी "नाही" म्हणालो.

अक्षरे असलेला कागद मी फाडत नाही, जाळत नाही. जीर्ण पोथी वाहत्या पाण्यात सोडतात, तीही उघडी नव्हे. म्हणून दिनांक ३ डिसेंबर रोजी सकाळी साडेसहा वाजता माझ्या नित्यपाठाच्या पोथीचे पांढरे बासन, म्हणजे ती गुंडाळण्याचे कापड, सोडवून त्यात मी वही घट्ट बांधली व रिक्षाने कोपरच्या बाजूस खाडीवर जाऊन ओहोटीच्या पाण्यात सोडली. सदर बासन लक्ष्मीने सन १९८८ मध्ये कारखान्यातून आणलेल्या कापडाचे, माझ्या पोथीसाठी शिवले होते. सदतीस वर्षे मी ते रोज हाताळत आहे.

त्याच दिवशी सबनीसबाईंनी वही हरवल्याची तक्रार दिली. एकसष्ट जणींचे मूळ कथन त्या एकाच वहीत होते. दोन दिवस लक्ष्मीने घर शोधले. फडताळातील पोथी बासनाविना उघडी होती. तिने त्यावर आपला धुतलेला रुमाल घातला आणि मला काही विचारले नाही.

काल सकाळी खाडीत मासेमारी करणारे दामाजी भोईर यांनी वही सबनीसबाईंना आणून दिली. सबनीसबाई तपासणीसाठी त्यांच्याकडूनच मासे घेतात, त्यामुळे त्यांनी वहीवरचे नाव ओळखले. सबनीसबाई त्यांना घेऊन आमच्या घरी आल्या, तेव्हा बासन माझे असल्याचे मी सांगितले. ते माझ्यासमोर म्हणाले, "जाल्यान अरकला व्हता. वाटला कोनाचा देव हाय. सोरून बगतो तं वही. आत पानी नाय शिरला, काका. कापर लय भारी तुमचा." पानांच्या कडा तेवढ्या ओलसर आहेत. सर्व कथन वाचता येते. बासन सबनीसबाईंनी तपासणीसाठी मागितले आहे. त्यास माझी हरकत नाही.

कृत्याचे कारण विचारले असता, हवालदार 'गैरसमजातून' असे लिहिण्यास तयार होते. मी ते नाकारले. सहा शत्रूंवर मी आजवर अनेक प्रवचने केली. सहाव्याचे नाव मत्सर असून तेच येथे लिहावे, अशी माझी विनंती आहे. लक्ष्मीने माझ्याविरुद्ध काहीही सांगितलेले नाही. मी आज आपणहून आलो.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पत्नीस तो ऐकू गेला. ती आत येऊन म्हणाली, "एक चूक आहे. ते कापड पोथीसाठी आणलं नव्हतं. बाळाच्या दुपट्याखाली घालायला आणलं होतं. पोथीला नंतर शिवलं." ही दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून नोंदवली आहे. तीसह हा जबाब पुन्हा वाचून दाखवला. तो खरा व बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) परशुराम दिनकर आठल्ये