एकच रेघ

नाही काकू, त्या स्टुलावर नको, या खुर्चीत बस – आणि पदर सावर जरा, गोठ्याचा वास येतोय, तुला येत नसेल, इथं सगळ्यांना येतो. आता रडणं पुरे. शेजारच्या हॉलमध्ये दिल्लीची कमिटी बसलीय, आमचा प्रोजेक्ट तपासायला आलीय, जरा वेळानं सर तुला आत बोलावतील आणि तुझे डोळे असे सुजलेले दिसले तर मी काय सांगू त्यांना? म्हैस गेली, वाईट झालं – मला काय कळत नाही का? चांदरीचा खरवस मीपण खाल्लाय. पण गेल्या शनिवारी तू तिला चाकणच्या बाजारात त्या गुरांच्या दलालाला, हेड्याला दिलीस, हेड्यानं खाटकाला दिली, खाटकानं कापली आणि पोटात रेडकू निघालं – यातलं मी काय केलं? आणि त्या हेड्याला तरी काल दारात येऊन हे सांगायची काय गरज होती? नसता बोलला तर आज तू सुखानं आली असतीस, दोन वाक्यं बोलून, पुलाव खाऊन महाळुंग्याला परत गेली असतीस.

तर ऐक, परत सांगते. आत गेल्यावर नमस्कार करायचा. मी तुझी पुतणी आहे हे बोलायचं नाही, स्वप्नाली म्हणायचं नाही – मॅडम म्हण. म्हणायचं, विद्यापीठाच्या मॅडम गोठ्यात आल्या, दुधाचे थेंब पट्टीवर टाकले, एकच रेघ आली, म्हणजे म्हैस गाभण नाही हे बसल्या जागी कळलं, दूध आटत आलं होतं, पुढं भाकड जनावर पोसायचं वाचलं, मी ते विकून टाकलं. एवढंच. रेडकाचं नाव नाही. आणि 'व्हय-न्हाई' करत बोल, लाजू नकोस, कमिटीला तसली बाई बघायला आवडते. सर इंग्रजीत सांगतीलच, तू काय म्हणतेस ते.

खोटं? खोटं काय त्यात? एकच रेघ आली होती की नाही? तू स्वतः उजेडात धरून बघितलीस. विकलीस की नाही? विकलीस. मग?

आता पट्टी चुकली म्हणतेस – पट्टीला काय कळतं काकू, ती कागदाची. तुला म्हणून सांगते, बाहेर बोलायचं नाही. सशाच्या रक्तातून आम्ही अँटिबॉडी काढतो, ती पट्टीवर लावतो. ती हातासारखी असते. गाभण जनावराच्या दुधात एक खास प्रोटीन असतं, ते त्या हातात सापडलं की दुसरी रेघ उमटते. आणि पट्टीवरच्या बाकीच्या रिकाम्या जागा बुजवाव्या लागतात, नाहीतर नको ते चिकटतं. त्याची पावडर वेगळी असते, ती संपली होती, मागवली तर महिना जातो, आणि सर रोज डोक्यावर बसलेले. मग मी दुधाची पावडर कालवून वापरली. सगळ्या लॅबमध्ये वापरतात, शप्पथ, मी काही जगावेगळं केलं नाही. फक्त आमची पट्टी दुधाचीच होती – हे नाही आलं डोक्यात. पावडर म्हणजे हजार जनावरांचं दूध, त्यात गाभणीही आल्याच. पट्टीचे हात तिथंच भरून गेले. मग तुझ्या चांदरीचं दूध पडो नाहीतर आणखी कुणाचं – एकच रेघ. सगळ्यांना एकच रेघ. गुरुवारी मी मुद्दाम सात महिन्यांच्या गाभण म्हशीचं दूध टाकून बघितलं, पोट हे एवढं खाली आलेलं, तरी एकच रेघ, घाम फुटला मला –

कुठला गुरुवार म्हणजे? गुरुवार. झाला ना एक गुरुवार.

अशी बघू नकोस माझ्याकडे. हो, बाजाराच्या आधीचा. बरं मग? फोन करायला हवा होता – तुझं सोपं आहे गं. फोन केला असता तर तू गावभर सांगितलं असतंस, पुतणीची पट्टी खोटी निघाली, आणि सगळे परत हसले असते. सशांना सुया टोचते म्हणून तुझ्याच ओट्यावर हसला होतात ना? माझ्या तनुजाचं लग्न झालं, पोर झालं, आणि आमची बाई अजून शिकतेच आहे – तूच म्हणाली होतीस, पंगतीत, मला वाढताना. मी विसरले नाही. मला राग आहे तुम्हा सगळ्यांचा, आणि असणारच. या महिन्यात माझं कंत्राट संपतं. कमिटीनं होकार दिला तर पीएचडीची जागा माझी, नाहीतर मी महाळुंग्यात परत, कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर शिफ्टच्या बायकांबरोबर. आणि कमिटी पहिलं काय विचारते माहितेय? कुठल्या शेतकऱ्यानं या पट्टीवर विसंबून निर्णय घेतला का? एकानं तरी घेतलेला हवा होता. तू डॉक्टरला बोलावते म्हणालीस, हात घालून बघेल म्हणालीस, मी नको म्हटलं – तो गाभण म्हणाला असता तर माझ्याकडे काय उरलं असतं? पट्ट्या मी नव्यानं करीनच. पुढच्या नीट येतील. एका म्हशीनं काही जग बुडत नाही.

काय म्हणालीस? परत बोल. नाही जाणार आत? बरं. नको जाऊस. तुझ्यावाचून माझं अडत नाही, कुरुळीच्या तानाबाईला बोलावून घेते, ती खाली पार्किंगमध्ये बसलीच आहे, तिला हौस आहे कॅमेऱ्यासमोर बोलायची. तिच्या म्हशीलाही एकच रेघ आलीय. उद्याच्याच बाजारात नेणार आहे. नाही, तिला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगायचं नाही, ते मी बघीन, कमिटी गेल्यावर बघीन. तू ऊठ. पिशवी घे आणि जा, बसस्टॉप गेटसमोरच आहे. आणि घरी आईसमोर हे रडगाणं काढलंस तर मी तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, सांगून ठेवते.

जिना डावीकडे आहे. काकू, डावीकडे. अगं तो हॉल आहे, आत सगळे बसलेत, तिकडे कुठे – काकू, ते दार उघडू नकोस. काकू –