नारिंगी टोपी

— नाही, नाही, मास्तर, असं नाही! आधी तो भोंगा तोंडापासून खाली घ्या. भूर्जाची साल आहे ती, पोरांची पिपाणी नव्हे. मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मादीची हाक मारायला निघालात, पण पाठीमागे झाड कुठाय? माजावर आलेला नर हाक ऐकून येतो तो काय तुमच्या शाळेत नाव घालायला? जाड खोडाला पाठ लावायची, वारा तोंडावर घ्यायचा, दोनदा हाक मारायची आणि गप्प बसायचं — गप्प! नेमकं तेच तुम्हाला जमत नाही. आणि टोपी कुठाय? खिशात? अहो, मूसला नारिंगी रंग दिसत नाही, बंदूकवाल्या माणसाला दिसतो, म्हणून तर घालायची ती! सगळी चूक आमच्या सायलसची. कुणी शिकायला आलं की म्हणतो, बेट्सीकडे जा, तिच्यासारखी हाक या सरोवरावर कुणाला येत नाही. मी सोडलंय, हे ठाऊक नाही का नवऱ्याला? सात वर्षं झाली.

का म्हणजे? घसा बसतो — बरं, घसा नाही. ऐका, तुमच्याच भल्याचं आहे. त्या शेवटच्या वेळी मी हाक मारली आणि पलीकडून जबाब आला. आधी हुंकार, मग झुडपावर शिंगं घासल्याचा आवाज. मूसच्याच खांद्याच्या वाळक्या हाडानं आम्ही तो काढतो, माहितीये मला — पण इतका हुबेहूब? म्हटलं, मोठा नर आहे. झुडूप हललं. शिंगं दिसायची वाट मी पाहिली नाही. नाही पाहिली! जन्मभर लोकांना सांगत आले, शिंगं दिसल्याशिवाय चापावर बोट नको — आणि मीच गोळी झाडली! सायलस होता. आमची पैजच असायची, कोण कुणाला फसवतं. त्याचीही टोपी खिशात. उजवा हात गेला त्याचा. आणि हॉस्पिटलात डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलला? “फसलीस की नाही?” हसला मेला! चार शिव्या घातल्या असत्या तर मी निदान — जाऊ दे.

श्श. ऐकलंत? तंबूमागच्या झुडपात — घासतंय. घाबरू नका, सायलसच तो. डाव्या हातानं. आठवडाभर रोज हेच चाललंय, मी जबाब द्यावा म्हणून. नाही देणार. उठा, मास्तर, तेवढं बघून या — टोपी घातलीय का त्यानं? मला नाही बघवत. जा ना!