डावीकडची टिक

—नाही नाही वहिनी, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मी मुद्दाम आखूड ठेवलाय, मीटर बघायला येणाऱ्या साहेबांसाठी. तुम्ही स्टुलावर बसा. आणि खोका इकडे द्या— आई गं, केवढा जड! दादाने आत विटा भरल्या की काय? नाही, ट्रान्सफॉर्मर आहे तो, मीच बसवलाय. हसा की जरा. बरं, नका हसू. मलाही कुठे येतंय— महिना झाला दादा जाऊन, ना हसू ना रडू. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात ना, मग गाल आपला असून शेजाऱ्याचा वाटतो, तसं सगळं. जेवतो, झोपतो, लोकांच्या चपला लपवतो— सवय हो, नुसती सवय.

तर काय म्हणालात, काचेचे व्हॉल्व्ह पेटतात, तबकडी फिरते, आणि आवाजच नाही? थांबा, झाकणाचे स्क्रू काढतो. तोवर सांगतो, म्हणजे घाबरणार नाही. तबकडीवरच्या सुईतून आवाज निघतो ना, तो मुंगीच्या शिंकेएवढा; त्याला मोठा करतो तो हा खोका. त्याला लांब वायरीतून पुढच्या बटणापर्यंत फिरवून आणायचं, तर वाटेत घरभराची वीज त्याच्या कानात गुणगुणणार— घूंऽऽ. म्हणून मी रिले घातले. रिले म्हणजे ही डबी, काडेपेटीहून लहान, पोटात लोहचुंबक. पुढचं बटण नुसता हुकूम सोडतं, आणि मागे, आवाज आत शिरतो तिथेच, डबी टिक करून दार उघडते. मालक दिवाणखान्यात, हमाल मागच्या दारी. चौथीत दोनदा बसलेल्या माणसाने केलंय हे, काय समजलात! अशा तीन डब्या आहेत. पहिली— दोन प्लेअरांपैकी कुठला वाजवायचा ते ठरवते. दुसरी मुकी. म्हणजे खोका सुरू केला की अर्धा मिनिट, व्हॉल्व्ह तापेस्तोवर, आवाजाचं तोंड दाबून धरते, नाहीतर स्पीकर अंगावर भुंकतो. मग टिक, आणि गाणं. टिक ऐकू येत नाही ना तुम्हाला? मग तीच मेलीय. आणि तिसरी— तिसरी जाऊ द्या. पाणी घेता? तिसरी कशाला हवीय हो तुम्हाला!

काही करत नाही ती. काहीच नाही. आता विचारलंतच तर ऐका. दादा पियानोला सूर लावणारा, त्याच्या कानावर तुमचं घर चालायचं. आणि मला लहानपणापासून म्हणायचा, धाकट्या, तुझे कान म्हणजे कढईचे कान, उचलायच्या कामाचे. म्हटलं, थांब लेका. त्याच्या साठीला हा खोका करून दिला, आणि कोपऱ्यात एक जास्तीचं बटण ठेवलं— डावी वाट, उजवी वाट. म्हटलं, दादा, आवाजाला दोन वाटा ठेवल्यात, कुठली गोड ते तुझ्या कानाने ठरव. वाटा कसल्या डोंबलाच्या! बटणाला तिसरी डबी जोडलेली, आणि डबीच्या पुढे भिंत. नुसती टिक. दादाने डोळे मिटले— टिक— ऐकलं— टिक— पुन्हा ऐकलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "डावी. उजवी जरा कोरडी आहे." मी मोरीत जाऊन नळ सोडून हसलो. तुम्ही बाहेरून विचारलंतही, भाऊजी, पोट बिघडलं का?

मग दर रविवारी फोन. "धाकट्या, आज डावीकडे लावलंय. टिक झाली आणि सूर असा मऊ पडला बघ." अकरा वर्षं! मी तोंडात रुमाल कोंबून ऐकायचो. आणि— आता सांगूनच टाकतो— मी ते न्हाव्याच्या दुकानात सांगितलं. साबण लावलेली चार तोंडं खदाखदा हसली. तिथून ते संगीतशाळेच्या बाईंपर्यंत गेलं, आणि त्यांनी पियानोला सूर लावायला दादाऐवजी दुसरा माणूस बोलावला. हो, म्हणूनच ते काम गेलं. माझ्यामुळे. त्या रविवारीही दादाचा फोन आलाच. खाली कशाला बघताय वहिनी? त्याला कळलं होतं का, मी त्याला बनवलं ते— एवढंच सांगा. दवाखान्यातून निरोप आला, ये म्हणून, तर मी म्हटलं रविवारी बघू. त्याच्यासमोर हसू फुटलं तर, ही भीती. नाही, खोटं. हसू आलंच नाही तर, ही.

निघालं झाकण. हे बघा, आतून पेन्सिलीने लिहिलंय, दादाचंच अक्षर. "व्हॉल्व्ह बदलले", तारीख. "व्हॉल्व्ह बदलले", तारीख. आणि सगळ्यात वर काय ते— चष्मा कुठाय— कपाळावर, हो. "तिसऱ्या डबीची वायर तोडली. धाकट्याला कळवू नये." तारीख… वहिनी, ही तारीख तुम्ही वाचा बरं. साठीनंतरचा पहिला रविवार? पहिलाच? न्हाव्याच्या कितीतरी आधी?

आणि वायर बघा ना. कापून टोकाला काळा दोरा गुंडाळलाय, तुमच्या शिवणाच्या डब्यातला. म्हणजे साठीच्या त्या दिवसानंतर ही कधी वाजलीच नाही. अकरा वर्षांत टिक झालीच नाही. मग फोनवर दर रविवारी टिक झाली, टिक झाली म्हणून मला कोण— आणि बाईंनी काम काढून घेतलं तेव्हा, नुसतं झाकण उघडून दाखवलं असतं तरी… काय? "हसू दे त्याला," म्हणाला? फोन ठेवून? आणि स्वतः हसायचा? मोठ्याने? किती मोठ्याने?

बरं. बरं, बरं. सोल्डरची सळई तापलीय. ही मुकी निघाली. तिच्या जागी तिसरी लावतो, एकाच जातीच्या आहेत. अकरा वर्षं बसून खाल्लंय हिने, नवीकोरी आहे, करू दे आता काम. हात बघा माझे, दगड. काही होतच नाही मला, सांगितलं ना.

झालं. ठेवा तबकडी. ते कोपऱ्यातलं बटण कुठे वळवू? अहो, त्याला आता काही अर्थ नाही, मागे डबीच नाही. —डावीकडे? बरं. डावीकडे. आता अर्धा मिनिट काही येणार नाही, व्हॉल्व्ह तापू देत. एक शब्द बोलायचा नाही. माझ्याकडे नका बघू, खोक्याकडे बघा. आणि टिक झाली की तुम्हीच सांगा मला, माझे कान कढईचे— शूऽऽ.