रक्तातला ताठा

...आता माझ्याकडंच बघा की! एस्टीत कुनी माझ्या पायावर पाय दिला तर मीच 'सॉरी' म्हनतो, आनि सगळं राजूर गाव म्हनतंय, ह्या कल्याणला लई ताठा! तुमाला सांगतो, माझ्यात ताठा न्हाई!

झालं काय, आईच्या बीपीच्या गोळ्या आनायला तिला घेऊन अकोल्याला गेल्तो. डॉक्टरीनबाईंनी सहज विचारलं, "पुष्पावतीबाई, गरोदरपणात बीपी वाढला होता का?" आई म्हनली, "वाढला म्हंजी? पाय सुजून खांब झाल्ते! झटके येतील म्हनून ह्याला आठव्यातच काढला!" झालं! बाई आईला सोडून माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळायला लागल्या. "अशा मुलांचा बीपी पुढे वाढू शकतो हं. रक्तवाहिन्यांना ताठरपणा येऊ शकतो. सगळ्यांनाच येतो असं नाही, पण वर्षातून एकदा तपासा, मीठ कमी करा." माझा बीपी निघाला एकशेवीस-ऐंशी. पन आकडा ऐकतंय कोन? आईनं 'ताठ' तेवढं ऐकलं!

परतीच्या जीपमधी बसल्या बसल्या सुरू... "माझंच पाप गं बाई! पोराच्या रक्तातच ताठा हाय, डॉक्टरनी सांगितलं!" जीपमधी मान्सं किती? सतरा! गावं किती? नऊ! आनि ओरडू कसा हो? मला जन्म देताना मरता मरता वाचलेली बाई ती, पदर तोंडाला लावून रडत हुती... आनि ओरडलो असतो, तर सतराच्या सतरा म्हनले असते, "बघा, ताठा!"

मग औषध? तेबी आईनंच काढलं. वाकायचं! दिसंल त्याच्या पाया पडायचं. दूधवाला झाला, कंडक्टर झाला... पोस्टमन माझ्याहून धाकटा, तो तर पाकिटं टाकून पळाला! तरी दोन स्थळं मोडलीच. "पोरगा चांगलाय, पन ताठा हाय म्हनं." अहो, माझ्यात ताठा न्हाई!

परवा तिसरं स्थळ. निकिता. खरं सांगतो, मला मनापासनं आवडली. हे लग्न मोडू नये, एवढंच देवाला म्हनत हुतो. तेवढ्यात आईनं डोळा मिचकावला... पडलो पाया! तिच्या वडलांच्या, आत्याच्या, मामांच्या, त्यांच्या ड्रायव्हरच्या... आनि त्याच नादात निकिताच्याबी!

संध्याकाळी मामांचा फोन. "बाकी सगळं पसंत हाय हो, पन पोरगी म्हनती, नवरा जरा ताठ पायजे!"

आनि आई? "आता तरी वाक की! मामांच्या हातापाया पड!"

काय करनार?... वाकलो. मोबाईलला.