डब्यात अण्णांचा आवाज

...आणि वर म्हणतात काय, ‘काही होत नाही रे!’ काही होत नाही म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, ज्याच्या स्वतःच्या घरात काही व्हायचं नसतं ना, तोच माणूस दुसऱ्याला फोनवरून सांगत असतो की काही होत नाही! आमचे दाजी हो, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. म्हणजे असं ते सांगतात, आणि आमच्या घरात बाकी कोणालाच काही कळत नसल्यामुळे ते खरं धरून चालावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, झालं काय? झालं काय विचारता? डबा! आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा डबा आहे. नेटवर्क स्टोरेज हे त्याचं शाळेतलं नाव, घरी डबा. फोटो, व्हिडिओ, गाणी सगळं त्याच्या पोटात, आणि कुठल्याही खोलीत बसून वायफायवरून उघडायचं. दाजींनीच आणून बसवला होता. वर्षानुवर्षं बिचारा कोपऱ्यात घुर्र घुर्र करत पडून होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग आमच्याकडे नवा लॅपटॉप आला, आणि आल्या आल्या म्हणतो, ‘हे उपकरण जुन्या, असुरक्षित पद्धतीने बोलतं, मी याच्याशी जोडून घेणार नाही.’ काय तोरा बघा! काल घरात आलेला, आणि घरातल्या म्हाताऱ्याशी बोलणार नाही म्हणतो!

लावला दाजींना फोन. ‘अरे, त्याचं फर्मवेअर जुनं झालंय. फर्मवेअर म्हणजे डब्याचं स्वतःचं डोकं. ते ब्राउझरमधून बदलता येतं, त्याला फायली उघडाव्या लागत नाहीत. बदलून टाक. मधे वीज गेली तर डबा कायमचा जातो, पण काही होत नाही! फक्त आधी बॅकअप घे.’

म्हटलं, ‘दाजी, डबा हाच बॅकअप आहे.’

‘मग मूळ कुठंय?’

‘मूळ जुन्या कॉम्प्युटरवर होतं. तुम्हीच म्हणालात, पुसून विकून टाक, डब्यात आहे ना, काही होत नाही.’

मग म्हणतात, ‘हरकत नाही, डब्यातून लॅपटॉपवर घे.’ म्हटलं, ‘लॅपटॉप डब्याशी बोलत नाही.’ ‘मग अपग्रेड कर.’ ‘अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्यायचा ना?’ ‘अर्थात!’ आता सांगा, मी काय करायचं? बॅकअप घ्यायला अपग्रेड पाहिजे, अपग्रेड करायला बॅकअप पाहिजे, आणि मी मधे उभा फोन धरून!

आता फोटो गेले असते तर गेले असते हो. खरं सांगतो, आमच्या फोटोंत बघण्यासारखं कोणी नाही. पण त्या डब्यात अण्णांचा आवाज आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून अण्णा टाळ्यांवर आणि पाटीवर. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि ताड ताड ताड वाजली की धावत या. बाकी सगळं पाटीवर लिहून. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलायचं ते बोलून घ्या. माझी मुलगी तेव्हा तिच्या आईच्या पोटात होती. तर हा माणूस खोलीचं दार लावून रेकॉर्डरसमोर बसायचा आणि जिने अजून जग पाहिलं नव्हतं तिच्याशी बोलायचा. ते सगळं डब्यात ठेवलं आणि आम्ही कोणीच ऐकलं नाही. ऐकवेना हो! आज ऐकू, उद्या ऐकू... आणि परवा ती मला विचारते, ‘बाबा, आजोबांचा आवाज कसा होता?’ मी काय सांगू? टाळी वाजवून दाखवू?

म्हणून रविवारी सकाळीच मी घरात फर्मान काढलं. मिक्सर बंद! इस्त्री बंद! वॉशिंग मशीन बंद! ही म्हणाली, ‘श्वास घेतला तर चालेल ना?’ म्हटलं, हळू घे. कारण आमच्या घरातला फ्यूज भारी हळवा, मिक्सर आणि इस्त्री एकदम लागले की अंग टाकतो.

पण खरा धोका वेगळाच. खरा धोका अण्णा! अहो, चालू बटण दिसलं की तो माणूस बंद करतो. पंख्याखाली पाहुणा बसलेला असला तरी पंखा बंद! म्हणून मी युक्ती केली. अण्णांनाच डब्याच्या बटणापाशी स्टूल टाकून बसवलं. म्हटलं, ‘अण्णा, हे बटण तुमच्या ताब्यात. कोणी हात लावला तर ताड ताड टाळ्या.’ अण्णांनी एक टाळी दिली आणि पाटीवर लिहिलं, ‘मी लावला तर?’

बघा! आधीच माझा जीव टांगणीला, आणि यांना विनोद सुचतात!

डबा इतका जुना की एकदम नव्या फर्मवेअरवर उडी मारता येत नाही, आधी मधलं घालायचं, मग शेवटचं. मधलं गेलं बुवा सुरळीत. मी लगेच छाती काढून घरभर फिरून आलो. लॅपटॉपला विचारलं, आता बोलशील? नाही म्हणाला. म्हणून शेवटचं चढवलं. आतल्या खोलीत लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी आली, खाली अक्षरं, ‘वीज बंद करू नका.’ पट्टी सरकली... सरकली... आणि थांबली. थांबली म्हणजे अशी थांबली की डोळ्यांत पाणी येईस्तोवर बघितलं तरी हलेना.

फोन केला. ‘दाजी, पट्टी अडकली.’

‘काही होत नाही रे!’

‘तेच सांगतोय, काहीच होत नाहीये!’

‘मग एकदा बंद करून चालू कर.’

मी फोनच ठेवून दिला. सख्ख्या बहिणीचा नवरा आहे म्हणून, नाहीतर... जाऊ दे.

आणि तेवढ्यात बाहेरून ताड ताड ताड ताड! धावलो, वाटेत खुर्चीला आपटलो, बघतो तर डब्याचे सगळे दिवे गेलेले, घुरघुर थांबलेली, आणि अण्णा स्टुलावर दोन्ही हात वर करून! म्हणजे, मी नाही, मी नाही! बटण चालू, प्लग जागेवर, आणि डबा थंडगार. मी ओरडलो, ‘अण्णा, हात लावलात का?’ दोन टाळ्या. ‘नक्की?’ दोन टाळ्या! मग माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाला दोन टाळ्यांचा अर्थ काय घ्यायचा हे मलाच कळत नाहीये. आई दारात उभी, ही दारात उभी. आणि मी फरशीवर बसलो, डब्यावर हात ठेवून. मला खरंच रडू फुटत होतं हो. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘गेला तर गेला. मी आहे ना.’

आणि डबा म्हणाला, ‘पीं!’

आपला आपणच बंद होऊन चालू झाला होता लबाड! एक दिवा लागला, दुसरा लागला, घुर्र... आणि लॅपटॉप, तोच तोऱ्याचा लॅपटॉप, मुकाट्याने सगळ्या फायली दाखवायला लागला. मी आधी सगळ्या लॅपटॉपवर उतरवल्या, मग एका वेगळ्या डिस्कवर, आणि मगच सगळ्यांना बोलावून पहिली फाईल लावली.

‘हॅलो... हॅलो... अगं, हे चालू झालंय का? तांबडा ठिपका चालूचा का बंदचा?... बरं. तर बाळा, तुला सांगतो, ऐक...’

आणि माझी मुलगी खो खो हसायला लागली. ‘हा तर बाबाच बोलतोय!’

म्हटलं, ‘अगं, हे आजोबा.’

‘नाही! बाबाच! हा बाबाचाच आवाज!’

मी हिच्याकडे बघितलं, ही मान हलवून हसतेय. आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, ‘तू आत फोनवर बोलत असतोस ना, तेव्हा मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहते.’ इतकी वर्षं! एका शब्दाने बोलली नाही मला! आणि मी इकडे डब्यासाठी खुर्च्यांवर आपटतोय!

आता परिणाम ऐका. डबा नव्या डोक्याचा होऊन ऐटीत बसलाय, पण त्याला विचारतंय कोण? लेक म्हणते, त्याला थांबवून मधेच प्रश्न विचारता येत नाहीत! त्यामुळे रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो की मी. अण्णांच्या गोष्टी, अण्णांच्या आवाजात, माझ्या तोंडून. आणि समोर अण्णा पाटी घेऊन बसलेले. मी जरा कुठे रंगात येतो, कुठे हात-बित हलवायला लागतो, की ताड ताड ताड, आणि पाटी वर.

‘मी असं म्हणालो नव्हतो.’

मग काय करता... पुन्हा पहिल्यापासून!